तंबूसमोरचं पाणी

लहानपणी आई-बाबांसोबत मुळशीला तंबूत राहिला असाल, तर काय काय आठवतं? शेकोटीत भाजलेले बटाटे, दवानं ओली झालेली सतरंजी, बेडकांचा गोंगाट आणि ‘टॉर्च बंद कर, सेल संपतील’ म्हणून ओरडणारे बाबा. आणि समोर ते भलंमोठं पाणी. ‘लेक’ म्हणून आपण मोकळे झालो.

पण हा तलाव मुळात इथं नव्हताच. मुंबईला वीज हवी होती. म्हणून टाटांनी मुळा-निळेच्या संगमावर धरण बांधलं आणि पाणी खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघराकडे वळवलं. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. याच लढ्यानं पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. धरण मात्र थांबलं नाही. शेतं, घरं, देवळं पाण्याखाली गेली.

म्हणजे आपला तंबू कुणाच्या तरी बुडालेल्या शेताच्या काठावर लागला होता. आता मित्रांसोबत जाल, तेव्हा पिठलं-भाकरी वाढणाऱ्या गावातल्या मावशींना एवढंच विचारा, ‘मावशी, तुमचं जुनं गाव कुठं होतं?’ कदाचित त्या पाण्याकडे बोट दाखवतील. रील नंतर काढा. आधी ऐका.