छायाचित्र कोणाचे? काढणाऱ्याचे की पैसे देणाऱ्याचे?

ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील ते पहिले द्विशतक होते. अशा क्षणाच्या छायाचित्राला पुढे अनेक वर्षे मागणी असते. मात्र त्याची मालकी कोणाकडे, हे छायाचित्रकार कोणत्या नात्याने काम करतो यावर ठरते.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या छायाचित्राच्या प्रकाशनाचा हक्क वृत्तपत्राच्या मालकाकडे असतो. मुक्त छायाचित्रकाराने स्वतःहून टिपलेल्या छायाचित्राचा हक्क त्याचाच. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क मात्र काम सांगणाऱ्याचा.

राणी लक्ष्मीबाईंची समाधी असलेल्या फूलबाग परिसरातील एखाद्या मुक्त छायाचित्रकाराचे उदाहरण घेऊ. हॉकीचा सामना त्याने स्वखर्चाने टिपला, तर प्रवेशपत्राच्या अटी पाळून ते छायाचित्र तो अनेकांना विकू शकतो. हॉटेलच्या जाहिरातीसाठी पैसे घेऊन काढलेले छायाचित्र त्याला, करारात तशी मुभा नसल्यास, परस्पर विकता येत नाही.

हक्क हस्तांतरित करण्यासाठी कलम १९ नुसार स्वाक्षरीसह लेखी करार लागतो. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसेल तर भारतापुरते मानले जाते. हक्क दिल्यानंतरही छायाचित्राचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार कलम ५७ अन्वये त्याच्याकडेच राहतो.

फुटबॉलचे सामने आणि हॉटेलांच्या जाहिराती अशी दोन्ही कामे करणाऱ्या गोव्यातील छायाचित्रकारांनाही हाच कायदा लागू आहे. म्हणून कॅमेरा उचलण्यापूर्वी दराबरोबरच हक्कांचा करारही लेखी करून घेणे हिताचे ठरते.