‘बरा झालास की...’
(तृतीय वर्ष, कला)

आमचे मानपाडा म्हणजे घोडबंदर रस्त्यावरचे. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्याशी त्याची नेहमी गल्लत होते, म्हणून आधीच सांगितलेले बरे. आमच्या चाळीत माझ्या खोलीपासून तिसऱ्या खोलीत एक नऊ वर्षांचा मुलगा राहतो. गेल्या वर्षी त्याला सारखा ताप येऊ लागला, अंगावर निळसर डाग दिसू लागले आणि तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. तेव्हापासून त्याची आई त्याला घेऊन पहाटेची बस पकडते, ठाणे स्टेशनवरून लोकलने परळ गाठते आणि संध्याकाळी परत येते. वडील रिक्षा चालवतात. घरात एकच मोबाईल आहे आणि तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो. त्यामुळे रात्री मिळणाऱ्या अर्ध्या तासाच्या खेळासाठी हा मुलगा दिवसभर वाट पाहत पडून असायचा.

एकदा मी त्याच्याजवळ बसलो असता त्याला विचारले, “तुला काय हवं रे?” मला वाटले, तो चॉकलेट किंवा क्रिकेटची बॅट मागेल. तो म्हणाला, “दादा, मला गेम बनवायचाय. माझा स्वतःचा.” मी चटकन म्हणालो, “बरा झालास की शिकवतो.” त्यावर तो काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

माझे काय चुकले ते मला त्या दिवशी समजले नाही. मानसशास्त्र हा माझा विषय. म्हणून या प्रश्नाच्या निमित्ताने थोडे वाचन केले. त्या वाचनातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माणसाची इच्छा पुरवणे ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. गरोदर बाईचे डोहाळे आपण हौसेने पुरवतो. तिला भर पावसाळ्यात कैरी खावीशी वाटली तरी घरची माणसे शोधायला निघतात. पुढे माणूस गेल्यावर दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही, तर सारे नातेवाईक हात जोडून उभे राहतात आणि “तुमच्या मुलीचे लग्न आम्ही करू”, “घराची वाटणी होऊ देणार नाही” अशी आश्वासने देतात. म्हणजे जन्माआधी आपण इच्छा विचारतो आणि मरणानंतरही विचारतो. पण अंथरुणावर पडलेल्या जिवंत मुलाला मात्र आपण औषध घेतलेस का, एवढेच विचारतो. त्याच्या इच्छेला आपले ठरलेले उत्तर असते, ‘बरा झालास की’.

हे उत्तर न देण्याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेत १९८० साली घडले. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या सात वर्षांच्या एका मुलाला पोलीस व्हायचे होते. मोठेपणी होशील, असे त्याला कोणी म्हणू शकत नव्हते, कारण हातात दिवस फार थोडे होते. त्या राज्याच्या पोलीस खात्यातील काही अधिकाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घेतली. एप्रिल महिन्याच्या अखेरीस त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवून आणले, त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला आणि घराच्या अंगणात त्याच्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटारसायकलवर बसवून त्याची रीतसर परीक्षा घेतली. मे महिन्याच्या सुरुवातीला तो मुलगा गेला. त्याची आई आणि ते अधिकारी यांनी मिळून पुढे जी संस्था उभी केली, ती आज ‘मेक-अ-विश’ या नावाने जगातील अनेक देशांत काम करते.

आपल्याकडे तिची भारतीय शाखा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. उदय आणि गीता जोशी या दांपत्याने ती स्थापन केली. स्वतःच्या मुलाच्या आजारपणात या कामाचा अनुभव त्यांनी घेतला होता. तीन ते अठरा वर्षे वयाच्या, जिवावरच्या दुखण्याशी झगडणाऱ्या मुलांसाठी ही संस्था काम करते. मुलाच्या डॉक्टरांचा होकार घेतात आणि मग स्वयंसेवक त्या मुलाशी बोलून त्याची इच्छा काढून घेतात. इच्छांचे साधारणपणे चार प्रकार पडतात: कुठे जायचे आहे, कोणाला भेटायचे आहे, काय व्हायचे आहे आणि काय हवे आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा इच्छेला आपली वर्तमानपत्रे सर्रास ‘शेवटची इच्छा’ म्हणतात. वास्तविक तसे नाही. आजार गंभीर असावा लागतो, पण मूल मरणारच असले पाहिजे अशी अट नाही. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर आज चांगले उपचार आहेत. ते दोन ते तीन वर्षे चालतात आणि पूर्ण घेतले तर बहुसंख्य मुले बरी होतात. म्हणजे प्रश्न बहुधा शेवटच्या दिवसांचा नसून या लांबलचक दोन-तीन वर्षांचा असतो. शाळा बंद, खेळ बंद, सुया आणि उलट्या चालू, अशी ही वर्षे काढायची कशी?

आमच्यापासून अगदी जवळचे उदाहरण मुलुंडचे आहे. मार्च २०१९ मध्ये कर्करोगाने आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा मुलुंड पोलीस ठाण्याचा एक दिवसाचा इन्स्पेक्टर झाला. खाकी गणवेश घालून तो खुर्चीवर बसला. १९८० साली फिनिक्सच्या मुलाला जे व्हायचे होते, तेच एकोणचाळीस वर्षांनी मुलुंडच्या मुलालाही व्हायचे होते! याचे मला आधी नवल वाटले. मग लक्षात आले की, आजारी मुलाला दिवसभर दुसऱ्यांचे हुकूम ऐकावे लागतात: हात पुढे कर, तोंड उघड, हलू नकोस. मग त्याला असे कोणीतरी व्हावेसे वाटणारच, ज्याचा हुकूम दुसरे ऐकतात.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे खेळाकडे येतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलाने याच संस्थेकडे वेगळीच इच्छा मांडली. त्यालाही रक्ताचा कर्करोग झाला होता आणि उपचारांनी तो आटोक्यात आला होता. त्याला खेळणे नको होते, सहलही नको होती. कर्करोगाशी लढण्याचा एक व्हिडिओ गेम त्याला बनवायचा होता. ही इच्छा पुरी करणे सोपे नव्हते. असा गेम तयार करायला मोठमोठ्या कंपन्यांनाही बरीच माणसे, बराच पैसा आणि कधीकधी काही वर्षे लागतात. अखेर लुकासआर्ट्स या त्या काळच्या नामांकित कंपनीतील एरिक जॉन्स्टन नावाच्या अभियंत्याने हे काम अंगावर घेतले. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांचे कर्ते जॉर्ज लुकास यांनी स्थापन केलेली ही कंपनी. तिचे खेळ बनवण्याचे काम २०१३ साली थांबले, पण २००४ साली तिने या मुलासाठी आपली दारे उघडली. सुमारे सहा महिने जॉन्स्टन त्या मुलाला भेटत राहिले, त्याच्या कल्पना ऐकत राहिले आणि त्याप्रमाणे खेळ घडवत राहिले.

त्या खेळाचा नायक म्हणजे तो मुलगाच. तो स्केटबोर्डसारख्या फळीवरून सुसाट जातो आणि बिघडलेल्या पेशींचा नाश करतो. ताप, उलट्या, केस गळणे अशी उपचारांत भेटणारी संकटे तेथे राक्षसांच्या रूपाने येतात आणि त्यांच्यापासून रक्षण करणाऱ्या ढाली गोळा कराव्या लागतात. प्रकृती सुधारायची तर इस्पितळात जायचे, दारूगोळा औषधांच्या दुकानातून घ्यायचा आणि लढण्याची उमेद घरून घ्यायची! ही मांडणी कोणत्याही मोठ्या माणसाला सुचली नसती असे मला वाटते. हा खेळ इंटरनेटवरून सर्वांना फुकट देण्यात आला आणि जगभरच्या आजारी मुलांनी तो खेळला. एका मुलाची इच्छा अशी अनेकांच्या उपयोगी पडली.

यावर कोणी म्हणेल, हे सारे गोड आहे, पण याने रोग थोडाच बरा होतो? रोग औषधानेच बरा होतो, याबद्दल वाद नाही. परंतु औषध घेतले तर! ‘री-मिशन’ नावाचा कर्करोगावरचाच एक खेळ होपलॅब या संस्थेने २००६ साली काढला. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील ३४ रुग्णालयांत १३ ते २९ वर्षांच्या ३७५ रुग्णांवर त्याची शास्त्रीय परीक्षा झाली. काहींना हा खेळ दिला, काहींना दुसराच साधा खेळ. गोळ्यांची बाटली किती वेळा उघडली याची नोंद ठेवणारी झाकणे वापरली, रक्तातील औषधाचे प्रमाणही मोजले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘री-मिशन’ खेळणाऱ्यांनी औषधे अधिक नियमितपणे घेतली होती आणि आपण या आजाराशी झुंजू शकतो हा त्यांचा विश्वासही वाढला होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली याच विश्वासाविषयी सिद्धांत मांडला. ‘हे मला जमेल’ असे ज्याला वाटते तो प्रयत्न सोडत नाही, असा त्याचा थोडक्यात आशय. उपचार अर्ध्यावर सुटणे हा आपल्या देशातील कर्करोगग्रस्त मुलांच्या बाबतीत फार मोठा प्रश्न आहे. तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

दुसरा आक्षेप माझ्या वडिलांनीच घेतला. ते म्हणाले, “परळच्या फुटपाथवर बाहेरगावची माणसं आजारी पोरं घेऊन झोपतात. त्यांना आधी छप्पर द्या, मग खेळ द्या.” त्यांचे म्हणणे मला नाकारता आले नाही. छप्पर, अन्न आणि औषध यांचा क्रम आधीचाच आहे, आणि ते काम करणारेही आहेत. उपचारांसाठी गाव सोडून आलेल्या मुलांना आईवडिलांसह मोफत राहता यावे म्हणून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने २००६ साली मुंबईतच सुरुवात केली. परंतु छप्पर मिळाले म्हणजे मुलाला इच्छा उरत नाही, असे थोडेच आहे? शिवाय कंपन्या अशा कामातून आपली जाहिरातही करून घेतात, हेही खरे. त्याची कसोटी मला साधी वाटते. इच्छा मुलाची होती, की छायाचित्रासाठी ती मुलाच्या तोंडी घातली? लुकासआर्ट्सच्या उदाहरणात मोठी माणसे सहा महिने मुलाचे ऐकत होती. हे ऐकणेच मला महत्त्वाचे वाटते.

हे सारे वाचून झाल्यावर मी पुन्हा तिसऱ्या खोलीत गेलो. माझ्याजवळ कंपनी नव्हती, संगणकाचे ज्ञानही नव्हते. मी पुठ्ठा, पट्टी आणि रंगीत पेन्सिली नेल्या. म्हटले, “तुझा गेम आजच बनवू.” त्याने सापशिडी निवडली. सापशिडीचे आपल्याकडचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा मानते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. आमच्या पटावर कोणते साप ठेवायचे ते त्यानेच ठरवले: ताप, तोंड येणे, काउंट कमी होणे. मी केस गळण्याचा साप काढू लागलो तर त्याने माझा हात धरला. “त्यात काय दादा? टोपी घालायची. तो साधा घर ठेव.” शिड्याही त्याच्याच: सुई एकाच टोचण्यात लागली, खिचडी पोटात राहिली, लोकलमध्ये खिडकी मिळाली. शंभराव्या घरात मी ‘बरा झालो’ असे लिहिणार होतो. त्याने पेन्सिल घेतली आणि लिहिले, ‘शाळा, चौथी ब’.

ज्यांच्या शेजारीपाजारी असे मूल असेल, त्यांच्यासाठी मला कळलेल्या दोन गोष्टी सांगतो. भेटायला जाण्यापूर्वी त्याच्या आईला विचारावे. उपचारांच्या काळात मुलाची रोगाशी लढण्याची शक्ती कमी झालेली असते, म्हणून सर्दीखोकला असेल तर जाऊ नये, हात धुऊनच जवळ बसावे, बाहेरचे उघड्यावरचे खाणे नेऊ नये. आणि “काय हवं?” असे विचारले, तर उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. सगळे देता येणार नाही, पण त्यातले आज काय करता येईल ते मुलाबरोबरच ठरवावे. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतले, तर खर्च पुठ्ठ्याचा आणि वेळेचाच आहे.

त्याचे उपचार अजून चालू आहेत. आता रोज घरी गोळ्या आणि ठराविक दिवसांनी परळची फेरी, असा टप्पा आहे. गोळी घेतली की तो पटावर एक खूण करतो. पुढे काय होईल ते डॉक्टरही आज सांगत नाहीत. सापशिडीत मात्र तो मला सर्रास हरवतो. गेल्या आठवड्यात त्याने दुसऱ्या खेळाची मागणी केली. या वेळी आगगाडीचा, ठाणे ते परळ, मधली सगळी स्टेशने घालून. माझी परीक्षा तोंडावर आली आहे. ‘परीक्षा संपली की’ असे शब्द ओठांवर आले होते, पण ते गिळले. पुठ्ठा आणून ठेवला आहे. रविवारी सकाळी बसणार आहोत.