राज्यशास्त्र : प्रश्नपत्रिकेतले आणि गावातले

विद्यापीठीय अभ्यासक्रमांची चर्चा आपल्याकडे सहसा दोनच प्रसंगी होते. एखाद्या पुस्तकातील मजकुराने कोणाच्या तरी भावना दुखावल्या, किंवा परीक्षांचे निकाल लांबले, म्हणजे. पदवीच्या वर्गात जे शिकविले जाते त्यातून विद्यार्थ्याच्या हाती अखेर काय पडते, हा प्रश्न अभ्यास मंडळांच्या बैठकीबाहेर क्वचितच येतो. बी. ए.च्या राज्यशास्त्राविषयी तो आता उघडपणे विचारला पाहिजे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे घडले, त्यानेच तो विचारणे भाग पाडले आहे.

जून २०२२ च्या सुमारास मुंबईतील एखाद्या महाविद्यालयात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रकरण त्याने अभ्यासले. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, नागरी संस्थांची मुदत ५ वर्षांची ठरली आणि ती संपण्यापूर्वी पुढील निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे राज्यघटनेने सांगितले, हे त्याने पाठ केले. उत्तरपत्रिकेत तसे लिहिले आणि त्याला गुणही मिळाले. परंतु तो ज्या शहरात राहत होता, त्या शहराच्या महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजीच संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला होता. हा विद्यार्थी २०२५ मध्ये पदवीधर होऊन बाहेर पडला, तेव्हाही प्रशासक होताच. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. पुण्याच्या विद्यार्थ्याचा अनुभव याहून वेगळा नव्हता; अनेक जिल्हा परिषदांच्या क्षेत्रांतही तेच होते. म्हणजे लोकशाहीचे शास्त्र शिकण्याची त्याची संपूर्ण तीन वर्षे लोकनियुक्त सभागृहाविना गेली.

ही कोंडी का झाली? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये स्थानिक संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या घालून दिल्या. समर्पित आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी व्हावी, त्या आधारे प्रत्येक संस्थेतील आरक्षणाचे प्रमाण ठरावे आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या वर जाऊ नये, अशा त्या कसोट्या होत. त्यापाठोपाठ प्रभागांची संख्या आणि रचना कोणी ठरवावयाची, हा वाद उभा राहिला. २०२२ मध्ये राज्यातील सरकार बदलले आणि आधीच्या सरकारचे प्रभागसंख्येचे निर्णयही बदलले. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि तरीही महापालिकांच्या मतदानाला पुढचे वर्ष उजाडले. न्यायालयाचे अधिकार, सामाजिक न्याय, राज्य निवडणूक आयोगाची स्वायत्तता, विधिमंडळाची सत्ता आणि पक्षांचे हितसंबंध, अशी अभ्यासक्रमातील बहुतेक सारी प्रकरणे या एका प्रसंगात एकत्र आली होती. राज्यशास्त्राच्या शिक्षकाला याहून चांगला पाठ कोणता मिळणार?

परंतु आपल्या प्रश्नपत्रिकांची घडणच अशी आहे की, तिच्यात या पाठाला जागा नाही. ‘घटनादुरुस्तीची वैशिष्ट्ये सांगा’, ‘महापौरांचे अधिकार व कार्ये लिहा’, ‘टीपा लिहा’ या साच्यातून प्रश्न बाहेर पडतात आणि त्याच साच्यातली उत्तरे बाजारातील गाईडांत तयार असतात. संस्था कशी असावी, हे विद्यार्थ्याला समजते. ती तशी का नाही, हे विचारण्याची सवय मात्र त्याला लागत नाही. लिहिलेले राज्य आणि चाललेले राज्य यांतील अंतर मोजणे हेच खरे तर या शास्त्राचे काम आहे. नेमके तेच पदवीच्या परीक्षेत वगळले जाते.

याचा दोष केवळ प्राध्यापकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तासिका तत्त्वावर नेमलेला आणि पोटासाठी दोन-तीन महाविद्यालयांत धावणारा शिक्षक सत्राच्या मोजक्या आठवड्यांत अभ्यासक्रम ‘पूर्ण’ करतो, हेच पुष्कळ झाले. विद्यार्थ्यालाही हसण्याचे कारण नाही. तो अनेकदा घरातला पहिलाच पदवीधर असतो आणि स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून हा विषय घेतो. त्याचा हा हिशेब चुकीचा नाही. पण परीक्षाही आता बदलत आहेत. राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक स्वरूपाला २०२३ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर विरोध झाला आणि आयोगाने ते २०२५ पर्यंत पुढे ढकलले. त्या आंदोलनामागे वयोमर्यादेची आणि वाया जाणाऱ्या तयारीची खरी चिंता होती. तथापि पदवीच्या वर्गाने युक्तिवाद करण्याची सवय आधीच लावली असती, तर लिहिण्याची धास्ती काही अंशी तरी कमी झाली असती.

यावर असा आक्षेप येईल की, विद्यापीठ म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. चालू घडामोडींच्या मागे लागून प्लेटो, मॅकिआव्हेली, गांधी, आंबेडकर यांचे विचार बाजूला सारले, तर विषयाचा कणाच मोडेल. आक्षेप वजनदार आहे. सिद्धान्तावाचून केलेली पाहणी ही नुसती माहितीची बेरीज होते. परंतु ज्या अ‍ॅरिस्टॉटलला आपण या शास्त्राचा जनक म्हणतो, त्याने आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यव्यवस्थांची माहिती जमविली, असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सविषयीचा ग्रंथ आज उपलब्ध आहे. म्हणजे या शास्त्राच्या मुळाशीच सिद्धान्त आणि पाहणी यांची सोयरीक आहे. आपल्या अभ्यासक्रमाने जनकाचे नाव तेवढे ठेवले आणि त्याची पद्धत सोडली.

ती परत आणण्याची संधी योगायोगाने आज उपलब्ध आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून महाराष्ट्राने पदवीची नवी रचना स्वीकारली; संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून आली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आणि चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी, या आराखड्यात क्षेत्र-प्रकल्प, समाजसंपर्क आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. यांचे काय होणार, याची भीती मात्र वाटते. कोणाच्या तरी ओळखीने आणलेले प्रमाणपत्र, इकडून तिकडून उतरवलेला अहवाल आणि कपाटात पडून राहिलेली फाईल, ही त्यांची गत होऊ नये.

त्यासाठी खर्चिक योजनेची गरज नाही. राज्यशास्त्राच्या दोघा-दोघा विद्यार्थ्यांकडे एकेक ग्रामपंचायत किंवा शहरातील एकेक प्रभाग सोपवावा. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हावयास हव्यात; त्या झाल्या का, किती माणसे बसली, त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा झाली का, ठराव कोणी मांडला आणि पुढे त्याचे काय झाले, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहावे. अंदाजपत्रक वाचावे. इतिवृत्त दाखवावयास कोणी टाळाटाळ केली, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. त्या कायद्याचाही अभ्यास आपोआप होईल. हे अहवाल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मराठीत जतन करावेत. दहा वर्षांत प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी स्थानिक कारभाराचा असा दफ्तरसंग्रह उभा राहील की, संशोधकांनाही तो धुंडाळावा लागेल.

एक अडचण उरते आणि ती सर्वांत अवघड आहे. ज्या संस्थेच्या संचालक मंडळावर गावचा पुढारी बसतो, तिथला विद्यार्थी त्याच गावची अंदाजपत्रके तपासू लागला, तर प्राचार्यांना फोन येईल. ‘महाविद्यालयात राजकारण नको’ असे बजावले जाईल. या एका वाक्याने आपण बरेच काही गमावले आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली, पण त्यानंतरही वर्षानुवर्षे त्या झाल्या नाहीत. पक्षाचा झेंडा वर्गात नको, हे मान्य. परंतु सत्तेला कागदपत्रे मागणे हे पक्षीय राजकारण नव्हे. ती नागरिकत्वाची प्राथमिक कसरत आहे. विद्यापीठांनी हा प्रकल्प अभ्यासक्रमातच सक्तीचा केला, तर एकेका शिक्षकाला एकट्याने तो फोन झेलावा लागणार नाही.

राज्यशास्त्र घेणाऱ्या बहुसंख्य मुलामुलींना पुढे संशोधक व्हावयाचे नसते. ती शाळांत शिकवतील, कचेऱ्यांत टिपणे लिहितील, ग्रामपंचायतींच्या आणि बँकांच्या टेबलांमागे बसतील. राज्यसंस्थेचा शांतपणे, पद्धतशीर विचार करण्यासाठी त्यांच्या आयुष्यात ही तीन-चार वर्षेच असतात. ‘मुदत ५ वर्षांची असते’ एवढे लिहून जो थांबत नाही, तर ‘परंतु माझ्या शहरात तसे घडले नाही, आणि त्याची कारणे अशी’ असे पुढचे वाक्य लिहितो, त्या विद्यार्थ्याला त्या वाक्याचे गुण देता येतील, एवढी जागा आपल्या प्रश्नपत्रिकेत असली पाहिजे.