मुलाच्या यकृतावर चरबी आणि घरावर बोल

गेल्या पावसाळ्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर एक माता सोनोग्राफीचा रिपोर्ट पदराआड धरून आमच्याकडे आली. मुलगा १२ वर्षांचा, धर्मशिक्षणाच्या वर्गातला, गुटगुटीत म्हणून सर्वांचा लाडका. दुसऱ्याच कशासाठी तपासणी केली आणि कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असे उमटले. बाईला दुखण्यापेक्षा त्या शब्दाचीच धास्ती. “फादर, आमच्या घरात थेंबसुद्धा कोणी घेत नाही हो. पण लिव्हरचे नाव निघाले की लोक काय म्हणणार?” लोक म्हणालेही. बाप चोरून पीत असेल, पोरालाही चाखवत असेल, असे कोणीतरी बोलून गेले. आपल्या ख्रिस्ती घरांविषयी हा समज आधीच काही कमी नाही.

तेव्हा पहिल्याप्रथम हे सांगितले पाहिजे, की दारूला न शिवणाऱ्याच्याही यकृतात चरबी साचते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी १९८० साली अशाच रुग्णांचे वर्णन करून या विकाराला नाव दिले. लहान मुलांतही तो होतो हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सॅन दिएगो येथे १९९३ ते २००३ या काळात मरण पावलेल्या ७४२ मुलांची यकृते तपासण्यात आली, तेव्हा लठ्ठ मुलांपैकी शंभरात ३८ जणांच्या यकृतात चरबी निघाली. २०२३ साली तज्ज्ञांनी या विकाराचे जुने नावही बदलले. नव्या नावात दारूचा उल्लेख नाही, शरीराच्या चयापचयातील बिघाडाचा आहे. त्या मातेने हे शेजारणीला जरूर ऐकवावे.

मग ही चरबी येते कोठून? तुपातेलापेक्षा पुष्कळदा साखरेतून. आपल्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, आणि तो पचवण्याचे काम बव्हंशी यकृताकडेच येते. गरजेपेक्षा जास्त आला की यकृत त्याची चरबी करून ठेवते. उसाचा रस, गूळ, मध यांनाही हेच लागू. आमच्या धर्मग्रामात ऊस लावणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी रागावू नये. ऊस विकावा, पण सगळा मुलांच्या पोटात जिरवू नये.

अलीकडच्या वर्षांत या गोष्टीत आणखी एक भागीदार सापडला आहे: आतड्यातले जिवाणू. शेतकऱ्याला हे समजावणे सोपे. शेणखत, पालापाचोळा मिळत असेल तर जमिनीतले जिवाणू काम करतात. ते तोडून नुसत्या रासायनिक खतावर पीक काढत गेले की काही वर्षांत माती दगडासारखी होते. मोठ्या आतड्यातही कोट्यवधी जिवाणूंची अशीच वस्ती आहे. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचा चोथा हे त्यांचे खाद्य. त्यावर ते आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्ले तयार करतात. चोथा मिळाला नाही की ते अस्तर दुबळे होते आणि जिवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपू लागतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त थेट आतड्याकडून येते. म्हणजे आतड्यातली घाण पहिल्याने यकृताच्याच दारात पडते. आधीच चरबी साचलेले यकृत तिने सुजते.

२०१३ साली अमेरिकेतील बफेलो शहरातल्या संशोधकांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. यकृताला सूज आलेल्या मुलांच्या आतड्यात अल्कोहोल निर्माण करणारे जिवाणू जास्त होते, आणि त्यांच्या रक्तातही अल्कोहोलचा अंश अधिक होता. मुलांनी काही प्यायले नव्हते. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते. येथे तर पोटच भट्टी लावून बसलेले!

मात्र जिवाणूंच्या नावावर सर्व पापे घालून मोकळे होता येणार नाही. जिवाणू बदलल्याने यकृत बिघडते की आहारामुळे दोन्ही बिघडतात, याचा पुष्कळसा पुरावा अजून उंदरांवरचा आहे. जिवाणूंच्या महाग पुड्या विकणाऱ्यांना आधी आपल्या डॉक्टरांचे मत विचारावे. सर्दीपडशाला दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून देणे तर सोडाच. त्याने आतड्यातली चांगली वस्तीही मारली जाते.

आता आमची चूक. धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर मुलांना गोड शीतपेयाची बाटली देण्याची प्रथा आम्हीच सुरू केली. ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे सात-आठ चमचे. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ११ ते १६ वयाच्या ४० मुलग्यांपैकी निम्म्यांच्या घरी आठ आठवडे साखर जवळजवळ बंद केली. त्यांच्या यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीसारखे खाणाऱ्यांची जेमतेम हलली. हे वाचल्यावर बाटल्यांची ऑर्डर आम्ही रद्द केली. मुलांनी कुरकुर केली, दोन पालकांनीही केली.

त्या मुलाला डॉक्टरांनी औषध दिले नाही. मुलांसाठी या विकारावर मान्य झालेले औषध नाहीही. घरात जोंधळ्याची भाकरी, नाचणीची आंबील, हुलग्याची आमटी, मोसमातली भाजी आणि ताक परत आले. बेकरीचे खारी-बिस्किट रोजचे होते, ते रविवारपुरते ठेवले. दिवसाला एक तास घाम येईपर्यंत खेळ, आणि रात्री मोबाईल आईच्या खोलीत. आजीला मात्र समजावणे कठीण गेले. नातू जेवला नाही तर तिला घास उतरत नाही. त्याला उपाशी ठेवायचे नाहीच, हे आम्ही तिला दोनदा सांगितले. वाढत्या वयात वजन आहे तेथे थांबले आणि उंची वाढली तरी पुष्कळ साधते. झपाट्याने वजन उतरवणे यकृतालाच बाधते.

हा विकार बहुधा दुखत नाही, म्हणून वाट पाहू नये. मूल वयाच्या मानाने फार जाड असेल, मानेवर मळासारखा काळपट पट्टा दिसत असून घासूनही जात नसेल, किंवा घरात मधुमेह असेल, तर नऊ-दहा वर्षांपासून डॉक्टरांना विचारून रक्ताची एसजीपीटी तपासणी करून घ्यावी.

पुढच्या रविवारपासून वर्गानंतर ताक मिळेल. ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्यांनी किती लिटर देता येईल ते शनिवारपर्यंत सांगावे, मीठ-जिरे आमच्याकडून.