बंदरावरचा हिशेब, लेखांक ७ : जुन्या होडीचे बूड

जुनी होडी बघायला जाताना खिशात नोटा नेऊ नयेत. एक टॉर्च, एक पेचकस, पाच रुपयांचे ते जुने जाड नाणे आणि शक्य झाल्यास एखादा म्हातारा तांडेल, एवढे बरोबर असले की पुरे. नोटा खिशात असल्या की हात सारखा तिकडे जातो आणि डोळे रंगावर फिरतात.

पहिल्या लेखांकापासून आपण ज्या काल्पनिक खलाशाचा हिशेब मांडतो आहोत, त्याच्याकडे घरचे, बायकोचे आणि संस्थेच्या कर्जाचे मिळून साडेतीन लाख जमले आहेत. आठ वर्षे तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर होता. आता त्याला मालवण-देवगडच्या पट्ट्यात, किनाऱ्यालगत, दोघातिघांनी जाळी टाकता येतील अशी स्वतःची होडी हवी आहे. माझे त्याला सांगणे एवढेच, की सव्वादोन लाखांच्या वरची होडी बघायलासुद्धा जाऊ नकोस. उरलेला सव्वा लाख होडीचाच आहे, फक्त तो विकणाऱ्याला द्यायचा नाही. जुन्या होडीची किंमत दोन हप्त्यांत द्यावी लागते, पहिला हप्ता मालकाला आणि दुसरा समुद्राला.

याच पैशात 'दोन सिलिंडर' मिळते, असे त्याला बंदरावर कुणीतरी सांगेलच. (आपल्याकडे बोटीची प्रतिष्ठा सिलिंडरवर मोजतात. सरकारी मदतीच्या याद्यासुद्धा तशाच निघतात.) मिळत असेलही. पण त्या पैशात मिळणारी दोन सिलिंडरची लाकडी बोट ही बहुधा कुणाला तरी नकोशी झालेली बोट असते. लहान पण धड होडी घ्यावी. मशीन दमलेले असले तरी चालेल, ते बदलता येते. बूड बदलता येत नाही.

आता कधी बघायची? आपल्याकडे यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. तेव्हा बूड उघडे दिसते, पण होडी पाण्यात घालून मशीन चालवून बघता येत नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली की ज्याला त्याला होडी हवी असते आणि मालकाची मान ताठ होते. म्हणून मला मे महिना बरा वाटतो. हंगाम संपत आलेला असतो आणि होडी वर काढण्याचा, शाकारण्याचा, डागडुजीचा खर्च मालकाच्या डोळ्यांसमोर असतो. त्यातही अमावस्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाचा दिवस धरावा. भरतीला होडी वाळूवर चढवली की ओहोटीला ती पूर्ण कोरडी होते. पाच-सहा तास बूड तपासावे आणि पुढच्या भरतीला मशीन चालवून बघावे. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे उतरत नाही, मग मालक 'खाली सगळे चांगले आहे' म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

फायबरची होडी बघायची पद्धत आजीला ठाऊक होती. ती कुंभाराकडे मडके वाजवून घ्यायची. नाण्याने बुडावर वीतवीतभर अंतराने ठोकत जावे. आवाज खणखणीत येत असेल तर ठीक. बद्द आला तर तिथे फायबरचे थर एकमेकांपासून सुटले आहेत किंवा आत पाणी शिरले आहे. खडूने खूण करावी. मालकासमोरच करावी. खुणांचे नक्षत्र दिसू लागले की भाव आपोआप बोलू लागतो. वाळूवरून ओढून ओढून पठाण, म्हणजे तळाचा मधला कणा, झिजतो. तिथे पांढरे धागे उघडे पडले असतील तर त्यातून पाणी आत झिरपते. हे दुरुस्त होते, पण खर्चात धरावे.

सगळ्यात फसवी जागा मागची. जिथे बाहेरचे मशीन टांगतात त्या फळीत बहुतेक वेळा फायबरच्या आत प्लायवूड असते. बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते आतल्या आत कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मशीनचा पाय धरून जोरात वरखाली हलवावा. फळी लवली, किंवा बोल्टभोवती तपकिरी ओघळ दिसले, तर होडी सोडून द्यावी. भर समुद्रात मशीन फळीसकट खाली गेल्याच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील.

लाकडी होडीबद्दल मी जास्त कडवट लिहीन, कारण तिथे मी स्वतः फसलो आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी आणि माझ्या आतेभावाने एक होडी घेतली. निळा रंग, वर पिवळी पट्टी, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ताजा हार. सांध्यांतून उजेड दिसत होता म्हणून आम्ही भाव पाडला आणि स्वतःवर खूश झालो. तो उजेड निरुपद्रवी होता. उन्हात पडलेले लाकूड आकसते, पाण्यात गेले की फुगते आणि सांधा बऱ्याच अंशी मिटतो. खरे दुखणे पठाणाच्या लगतच्या फळीत होते. वर रंग, रंगाखाली लांबी आणि लांबीखाली किड्याने पोखरलेला भुसा. या समुद्रकिड्याचे बाहेरचे भोक टाचणीच्या टोकाएवढे असते, आत मात्र बोटभर जाड बोगदे. घरी आणल्यावर एका म्हाताऱ्या नाखव्याने तिथे अंगठा दाबला आणि तो आत गेला. "आधी बूड बघूचा, मगे मशीन," एवढेच तो म्हणाला. आम्ही आधी हार बघितला होता.

म्हणून पेचकस. पठाण, नाळ आणि खालच्या दोन फळ्या यांना टोचत जावे. खिळ्यांभोवती काळी वर्तुळे असतील तर लोखंड लाकडाला खाते आहे. नवा रंग दिसला की तिथेच जास्त टोचावे.

होडीला तिचा भूतकाळही विचारावा. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाजवळून गेले तेव्हा ती कुठे होती? रायगड-दापोलीकडून आणलेली असेल तर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कुठे होती? वादळात जेट्टीवर आपटलेली होडी डागडुजी होऊन फिरत राहते. मालक विसरतो, शेजारचा मालक विसरत नाही. त्याच्याकडे चहा प्यावा.

मशीनचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर एक स्वतंत्र लेखांक होईल. पोहोचल्याबरोबर हात लावून बघा. गरम असेल तर आपण यायच्या आधी ते चालवून ठेवले आहे, थंड होऊ द्या आणि मग चालू करायला सांगा. निळा धूर म्हणजे तेल जळते. बाहेरच्या मशीनच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची धार सतत यायला हवी. पंख्याकडच्या गिअरचे तेल दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे.

कागद मात्र घाईत उरकू नका. नोंदणीवरचा क्रमांक आणि नाळेवर रंगवलेला क्रमांक एकच आहे ना, हे पहिल्याच भेटीत बघावे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवादी पळवलेल्या मासेमारी नौकेतून आले, तेव्हापासून समुद्रात कागद तपासणारे वाढले आहेत आणि ते योग्यच आहे. होडीवर संस्थेचे किंवा बँकेचे कर्ज असेल तर बोजा उतरल्याचा दाखला हवा. अनुदानातून घेतलेली असेल तर विकायला परवानगी लागते का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारावे, मालकाला नव्हे. 'पर्ससीनचा परवाना पण सोबत देतो' असे कुणी म्हणाले तर हसून पुढे जावे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्या जाळ्यांवर कडक बंधने आली आहेत आणि परवाना हा काही वल्ह्यासारखा होडीबरोबर फुकट येत नाही.

सगळे जुळले तर विसार द्यावा, पाच-दहा हजारांचा, आणि त्याची पावती घ्यावी. पावतीवर तीन ओळी असाव्यात : ठरलेली किंमत, मशीनचा क्रमांक आणि नोंदणी आपल्या नावावर झाल्यावर उरलेले पैसे मिळतील हे वाक्य. मालक म्हणेल, "भाऊ, आपल्यात कागद कशाला?" त्याला चहा पाजावा आणि पेन पुढे करावे.

(पुढील लेखांक : राखून ठेवलेल्या सव्वा लाखाचे काय करायचे)