आठवण आहे, पण ‘माझी’ नाही
स्मृतीच्या वाटा : लेखांक ९

चाकणच्या एखाद्या शॉपमध्ये शिफ्ट बदलताना पाहा. सीएनसीवरचा ऑपरेटर हात पुसत बाजूला होतो, त्याचा रिलीव्हर येतो, लॉगबुकात दोन ओळी लिहिल्या जातात आणि मशीन पुन्हा सुरू होतं. समजा, एका रात्री लॉगबुक कोरंच राहिलं. आधीच्या शिफ्टमध्ये काय झालं, हे नव्या माणसाला ठाऊक नाही. पण आधीच्याने टूलचा ऑफसेट बदलून ठेवला असेल, तर याच्या पहिल्याच जॉबचं माप बदलून येतं. कोणी सांगितलेलं नसतं, तरी मशीनमध्ये ते उतरलेलं असतं.

डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी, या आजारातली स्मृती समजावताना मला हेच उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. यात एकाच माणसात दोन किंवा अधिक ओळखी आळीपाळीने पुढे येतात. बोलणं, वागणं, स्वतःबद्दलची जाणीव, सगळंच बदलतं आणि मधल्या काळाच्या आठवणीत खड्डे पडतात. ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ हा शब्द आपल्याकडे याला आणि स्किझोफ्रेनियालाही सर्रास चिकटवला जातो. हे दोन वेगळे आजार आहेत. डीआयडीच्या बहुतेक रुग्णांच्या पूर्वायुष्यात लहानपणी सोसलेला मोठा छळ आढळतो.

आता मुख्य प्रश्न. एका ओळखीने अनुभवलेलं दुसरीला खरंच पोहोचत नाही का?

नेदरलँड्समध्ये रफाएल हंटियन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये याची परीक्षा घेतली. ‘एकीचं दुसरीला आठवत नाही’ असं सांगणारे 31 रुग्ण त्यात होते. एका ओळखीला शब्दांची यादी शिकवली. मग दुसरी ओळख पुढे आल्यावर विचारलं, तर तिने अशी यादी पाहिल्याचंच नाकारलं. पण पुढच्या चाचण्यांत पहिल्या यादीतले शब्द तिच्यापर्यंत पोहोचलेले दिसले. लॉगबुक कोरं होतं, ऑफसेट मात्र बदललेला होता.

यावरून ‘मग ही नाटकंच’ असं म्हणायला काही जण टपलेलेच असतात. मला हा निष्कर्ष चुकीचा आणि क्रूर वाटतो. सिमोन राइंडर्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 11 स्त्रियांना त्यांच्याच आयुष्यातल्या आघाताचं वर्णन ऐकवलं. रोजचे व्यवहार सांभाळणाऱ्या ओळखीने ते एखाद्या तिऱ्हाइताची हकीकत असावी तसं ऐकलं. आघात वाहणारी ओळख पुढे असताना त्याच शब्दांनी हृदयाचे ठोके वाढले, रक्तदाब चढला, मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा नकाशाही बदलला. पुढच्या एका अभ्यासात निरोगी माणसांना हीच अवस्था वठवायला सांगितलं, तेव्हा त्यांना ती तशी साधली नाही.

माहिती मेंदूत साठलेली असते. तुटलेली असते ती तिच्यावरची मालकी. ‘हे घडलं’ आणि ‘हे माझ्याबाबतीत घडलं’ या दोन गोष्टी आपल्याला एकच वाटतात, कारण आपल्यात त्या कधी सुट्या झालेल्या नसतात. लहान मुलाला असह्य दुःखातून पळून जायला जागा नसते. तेव्हा निदान त्या दुःखावरचं आपलं नाव पुसलं जातं. हे मूल ठरवून करत नाही.

महाराष्ट्रात याच्या आसपासचं सर्वांत गाजलेलं उदाहरण नागपूरचं आहे. उत्तरा हुद्दार या विद्यापीठातल्या अध्यापिका. 1974 पासून त्यांच्यात अधूनमधून ‘शारदा’ पुढे येऊ लागली. ती बंगाली बोलायची आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालातली बाई असल्यासारखी वागायची. इयन स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात तिची नोंद ‘दुय्यम व्यक्तिमत्त्व’ म्हणूनच केली, पुढे व. वि. अकोलकरांनीही दीर्घ अभ्यास केला. स्टीव्हन्सन पुनर्जन्माच्या बाजूने झुकले, इतर काहींनी हरकती घेतल्या. तो वाद इथे नको. पण उत्तराताई आधी थोडं बंगाली वाचायला शिकल्या होत्या, ही त्या अभ्यासातलीच नोंद मला फार मोलाची वाटते. शिकलेलं, ऐकलेलं, मनात मुरलेलं सगळंच आपल्या नावावर चढतं असं नाही, एवढं तरी त्यातून लक्षात यावं.

बंगाली शारदा हे अपवादात्मक. आपल्या ओळखीचं आहे ते अंगात येणं. जत्रेत, आरतीत, समाजाने मान्य केलेल्या रीतीने वारं येतं तो आजार नव्हे. ते मनाविरुद्ध होतं, जगणं विस्कटतं, तेव्हा उपचार लागतात. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात संचाराचा विकार डीआयडीच्या शेजारीच, पण स्वतंत्र नोंदला आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. स्मृतीच्या अंगाने पाहिलं तर तो दुहेरी अन्याय आहे. आघातातून फुटलेल्या मनावर आणखी एक आघात होतो आणि तोही पुसण्याची पाळी त्याच मनावर येते.

आमच्या चाकणच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. आठवणीतले खड्डे ज्याचे त्याला सहसा दिसत नाहीत, ते शेजारच्याला दिसतात. ‘काल तूच तर म्हणालास’, ‘हे तू कधी आणलंस?’ असं विचारणारं कोणी तरी लागतं. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोज्यात कॉटबेसिसवर राहणाऱ्या पोराला कोण विचारणार? खोलीतला एक झोपलेला, दुसरा नाईटला गेलेला, तिसरा परवाच आलेला. कामावरही लक्षात येत नाही, कारण हातांची स्मृती वेगळ्या वाटेने चालते. मशीन चालवणं, दुचाकी हाकणं बहुधा शाबूत राहतं. मग बँकेतून काढलेले पैसे आठवत नाहीत, फोनवर आपणच पाठवलेला मेसेज परका वाटतो आणि माणूस वेंधळा किंवा खोटारडा ठरतो. दारू, फिट, डोक्याला लागलेला मार, रात्रपाळीची तुटकी झोप यांनीही असं होतं, म्हणून आधी ती कारणं तपासावी लागतात.

उपचारात कुठल्याही ओळखीला हाकलायचं नसतं. आधी सुरक्षितता, झोप, दिनक्रम. आघाताच्या आठवणींना हात पुष्कळ नंतर. संमोहनाने ‘दडलेलं’ उकरून काढण्याची घाई घातक ठरते, कारण तशाने न घडलेलंही घडल्यासारखं आठवू लागतं. पुष्कळदा सुरुवात एका साध्या वहीने होते. जी ओळख पुढे असेल तिने लिहायचं: काय खाल्लं, औषध घेतलं का, कोणाला पैसे दिले. दुसरीने वाचायचं. अक्षर ओळखीचं वाटलं नाही तरी खाडाखोड करायची नाही.

सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि तिसऱ्या शिफ्टमध्येही लागतो.