उपड्या वाटीचा माग

मॉलिब्डेनाइट मी पहिल्यांदा हातात घेतलं ते मलाजखंडचं. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातली ही तांब्याची खाण. पांढऱ्या गारगोटीत करड्या पापुद्र्यांचा एक झुबका होता. नखानं टोकरल्याबरोबर पापुद्रा सुटला आणि बोटाला तेलकट, चंदेरी काजळी लागली. पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही असंच वागतं. म्हणून चिनी मातीच्या चकचकीत बशीवर दोन्ही घासून पाहायची. ग्रॅफाइटची रेघ काळपट उमटते, याच्या रेघेला हिरवट झाक असते. शिवाय हे दुपटीहून जड.

या सारखेपणानं माणसं शतकानुशतकं फसली. या खनिजातल्या धातूचं मॉलिब्डेनम हे नावच मुळी शिशाच्या ग्रीक नावावरून आलं. हे खनिज शिसंही नाही आणि ग्रॅफाइटही नाही, हे स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ शेले यानं १७७८ मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर शंभर वर्षांनी, १८७९ मध्ये, चार्ल्स सेंटर नावाचा माणूस सोन्याचांदीच्या शोधात अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या बार्टलेट डोंगरावर पोचला. तिथल्या करड्या शिरा नेमक्या कशाच्या, हे त्याला सांगता येईना. तरी त्यानं जागेवर हक्क नोंदवला आणि तो सोडला नाही. खनिजाची ओळख पटायला १८९५ उजाडलं, पण तेव्हा त्याला गिऱ्हाईकच नव्हतं. पोलादात थोडं मॉलिब्डेनम घातलं की ते तापूनही ताकद सोडत नाही. याची खरी गरज पहिल्या महायुद्धात भासली, आणि बार्टलेटवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, क्लायमॅक्स खाण उभी राहिली. पुढे कित्येक वर्षं जगातलं निम्म्याहून जास्त मॉलिब्डेनम या एका डोंगरातून निघत होतं.

एक टन दगडात धातू मात्र जेमतेम दोन किलो. तो जाड शिरांतून सापडत नाही, केसाएवढ्या असंख्य भेगांतून विखुरलेला असतो. जमिनीखाली ग्रॅनाइटचा रस वर चढतो आणि थिजायला लागतो. त्यातलं गरम पाणी, सिलिका, फ्लोरिन आणि मॉलिब्डेनम माथ्याशी कोंडतं. दाब असह्य झाला की वरचा खडक तडकतो आणि त्या तडांत गारगोटीसोबत मॉलिब्डेनाइट साचतं. त्यामुळे खनिजाचा थर ग्रॅनाइटच्या माथ्यावर उपडी वाटी ठेवावी तसा बसतो.

क्लायमॅक्सला भूवैज्ञानिक स्ट्युअर्ट वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रिलिंगमधून निघालेले दगडाचे दंडगोल, म्हणजे कोअर, तपासले. कोणती भेग कोणत्या भेगेला कापून जाते, हे पाहून त्यांनी क्रम लावला. शिलारस एकदाच आला नव्हता, पुन्हापुन्हा आला होता, आणि दर खेपेला त्यानं आपली वेगळी वाटी घडवली होती. सर्वांत वरची वाटी झिजून जवळजवळ नाहीशी झाली होती. मला हे काम खाणीपेक्षाही मोठं वाटतं, कारण त्यातून न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधता येऊ लागला.

तो अंदाज रेड माउंटनवर कामी आला. या कोलोरॅडोतल्याच डोंगरात उराड नावाची जुनी, छोटी खाण होती. तिच्याही खाली आणखी एखादी वाटी असावी, असं मानून खोल भोकं पाडायला सुरुवात झाली. एकेक भोक प्रचंड खर्चाचं, आणि हाती काही न लागण्याची शक्यता कायमची. १९६० च्या दशकाच्या मध्यात, डोंगरमाथ्यापासून सुमारे एक किलोमीटर खाली, खनिज लागलं. हीच हेंडरसन खाण. तिचं उत्पादन १९७६ मध्ये सुरू झालं. दगड दळायची गिरणी डोंगररांगेच्या पलीकडे असल्यानं पंधरा किलोमीटरचा बोगदा खणावा लागला.

दळलेल्या दगडाची पाण्यात लापशी करून हवा फुंकली की मॉलिब्डेनाइट बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतं. पाणी त्याला धरतच नाही. बोटावरची ती तेलकट काजळी गिरणीत अशी उपयोगाला येते.

क्लायमॅक्सच्या वाट्या सुमारे तीन कोटी वर्षांच्या, आणि तेवढ्यात सर्वांत वरची झिजलीसुद्धा. मलाजखंडचं वय याच खनिजावरून काढलं गेलं आहे. मॉलिब्डेनाइट घडताना त्यात ऱ्हेनियम शिरतं, ऑस्मियम जवळजवळ नसतंच. मग ऱ्हेनियमचं हळूहळू ऑस्मियम होत जातं. ते मोजल्यावर वय निघालं सुमारे २४९ कोटी वर्षं. नखानं सहज सुटणाऱ्या त्या पापुद्र्यानं एवढा काळ जपून ठेवला होता.